काडी, डोळे, शेरा

नानांच्या घराची बेल वाजवली की दार उघडण्याआधी आतून आवाज येतो, "कागदावर पाय देऊ नका हो!" मग दार उघडतं. आत उंबऱ्यालगत वर्तमानपत्र पसरलेलं असतं आणि त्यावर अंजिराच्या काड्या ओळीनं निजवलेल्या असतात. चीक सुकायला. आलेल्या माणसानं एक तर ढांग टाकून त्या ओलांडायच्या, नाही तर जिन्यात उभं राहूनच बोलणं उरकायचं. गॅसवाला, पेपरवाला, गणपतीची वर्गणी मागायला येणारी पोरं, सगळ्यांना आता ती ढांग सवयीची झाली आहे. माई म्हणतात, "आमच्याकडे लक्ष्मी आली तरी तिला आधी उडी मारावी लागेल."

काड्या लावणारी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. लग्नाला जातात आणि मंडपामागची जास्वंद बघून येतात. दवाखान्यात कुणाला भेटायला जातात आणि परतताना खिशातून कण्हेरीचा फाटा डोकावत असतो. पण ही माणसं दिसेल ते लावतात. आमचे नाना एकनिष्ठ. गुलाब, मोगरा, शेवंती यांच्याकडे ते सोयरिकीतल्या लांबच्या माणसांकडे बघावं तसं बघतात. विचारपूस करतात, पण घरी बोलवत नाहीत. त्यांना फक्त अंजीर लागतं. तेही झाड नाही, फळ तर नाहीच नाही. काडी.

हे वेड सासवडचं. नाना बँकेत होते आणि नोकरीत असताना त्यांची काही वर्षं पुरंदर तालुक्यातल्या एका शाखेत गेली. पीककर्जाच्या तपासणीला बागेत जायचं, झाडं मोजायची, बांधावर बसून चहा प्यायचा आणि कागदावर सही करायची, असं ते काम. एकदा अशाच एका बागेत छाटणी चालली होती. छाटलेल्या फांद्यांचा ढीग बांधावर पडलेला, आणि शेतकऱ्याची आई त्यातला एक भारा चुलीसाठी बांधून घेत होती. नाना अजून कळवळून सांगतात, "अरे, एकेका फांदीत तीन-तीन, चार-चार झाडं होती. आणि ती माउली त्यावर पिठलं शिजवत होती!" त्या दिवशी बँकेच्या फायलीबरोबर पाचसहा काड्या दिवेघाट उतरून पुण्यात आल्या. त्यानंतर ती वाहतूक थांबलेली नाही. निवृत्तीनंतरही छाटणीच्या सुमाराला नाना हडपसरहून सासवडची बस धरतात आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला भारा मांडीवर घेऊन परततात. कंडक्टरनं एकदा त्याचं तिकीट मागितलं होतं. नानांनी आनंदानं काढलं.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नानांनी सोसायटीत पेढे वाटले. जणू अर्ज त्यांच्याच सहीनं गेला होता. "पुरंदर म्हणजे ते खोर गाव ना?" असं कुणी चुकून म्हणालं तर मात्र त्याची धडगत नसते. खोर दौंड तालुक्यात येतं, हे नाना नकाशा काढून दाखवतात. तिथली अंजिरं चांगली असतात हे ते मान्य करतात, पण आवाज जरा खाली घेऊन.

आता काडी कशी हवी ते ऐका, कारण नानांकडे गेलात तर हे ऐकावंच लागतं. पेन्सिलीइतकी जाड, वीतभर लांब, गेल्या हंगामात पिकलेली, सालीवर राखाडी रंग चढलेली. हिरवी कोवळी घेतलीत तर कुजते. फार जून घेतलीत तर "ती नुसती विचार करत बसते". निदान चार डोळे पाहिजेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि सरळ, कारण मुळं फुटतात ती बहुतेक त्या पेराजवळून. वरचा काप डोळ्याच्या वर बोटभर जागा सोडून आणि तिरका, म्हणजे पाणी साचत नाही आणि शेंडा कुठला हेही कळतं. खरं तर डोळा वर आणि गळलेल्या पानाचा वण खाली, एवढं पाहिलं तरी काडीची दिशा समजते. पण नानांचा माणसांवर तेवढा विश्वास उरलेला नाही. एका उच्चशिक्षित गृहस्थांनी त्यांच्याकडून नेलेली काडी उलटी खोचली आणि पावसाळाभर पाणी घालून 'माल खराब होता' अशी तक्रार केली. तेव्हापासून प्रत्येक काडीच्या शेंड्याला नातीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका असतो. नात आता कॉलेजात गेली, तिनं नेलपॉलिश बदललं, निळं आणलं. नानांनी जुन्या रंगाची बाटली स्वतः दुकानात जाऊन आणली. दुकानदारानं "कुणासाठी हवंय, आजोबा?" असं विचारल्यावर त्यांनी जे उत्तर दिलं, त्यानं तो अजून नानांना वाट सोडून देतो. नाना म्हणाले होते, "काड्यांसाठी."

सगळ्या काड्या एकदम लावायच्या नसतात. उरलेल्या ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात ठेवायच्या. तिथं त्या आठवडेच्या आठवडे झोपून राहतात. माईंची नाशिकची बहीण राहायला आली असताना तिनं सकाळी उठून सगळ्यांसाठी आमटी करायला घेतली आणि कप्प्यातल्या शेवग्याच्या शेंगा काढल्या. विळीवर धरल्या. "माई, शेंगा फार निबर निघाल्या गं," असं म्हणत तिनं तीन शेंगांचे तुकडे केलेसुद्धा. नाना पूजेला बसले होते. ते उठले नाहीत, पण त्या दिवशी अथर्वशीर्षाचा वेग वाढला. नंतर त्यांनी ते तुकडे तपासले. प्रत्येकावर दोन-दोन डोळे शाबूत होते. तेही लावले. वहीत शेरा आहे : 'आमटीतून परत.'

लावायला कुंडी चालत नाही. लग्नातले मठ्ठ्याचे पारदर्शक ग्लास लागतात. लग्नाच्या पंगतीत मंडळी विडा खात असतात, तेव्हा नाना टेबलांवरून फिरत ग्लास गोळा करत असतात. यजमानांना वाटतं, केवढा सेवाभाव. घरी आल्यावर ग्लास धुऊन, तापल्या सुईनं तळाला भोकं पाडून, त्यात कोकोपीट आणि वाळू. कोकोपीट किती ओलं? मूठभर घेऊन आवळायचं. एखादा थेंब गळला तर बरोबर, धार लागली तर तुम्ही नापास. अंजिराची काडी पाण्यावाचून मरते त्यापेक्षा पाण्यानं जास्त मरते, हे नानांचं सगळ्यांत आवडतं वाक्य आणि त्यांच्या अनुभवाचं सारही. माईंना ते पटत नाही. रोप दिसलं की तांब्या उचलायचा, हे त्यांच्या माहेरचं वळण.

मुळं लवकर फुटावीत म्हणून नानांनी वेगवेगळी औषधं करून पाहिली. दुकानातली पांढरी पावडर झाली, मध झाला, कोरफडीचा गर झाला. दालचिनीचे दिवस तर आख्ख्या जिन्याला आठवतात. बुरशी लागू नये म्हणून काडीचा बुडखा दालचिनीच्या पुडीत बुडवायचा, असं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि माईंच्या मसालेभातातून दालचिनी जी गेली ती गेलीच. मग एका वर्षी रागानं त्यांनी काहीच लावलं नाही. काड्या तशाच ओल्या वाळूत खोचल्या. त्या वर्षी सगळ्यांत जास्त जगल्या. याचा उल्लेख नानांसमोर करू नये.

पंधरा-वीस दिवसांत वरचा डोळा फुगतो आणि एक हिरवं पान बाहेर येतं. नवखा माणूस इथं फसतो. तो घरच्यांना बोलावतो, फोटो काढतो, गावभर सांगतो. नाना त्याच्याकडे अपार करुणेनं पाहतात. "पानावर जाऊ नकोस," ते म्हणतात. हे त्यांचं ब्रीद. काडीत साठवलेलं अन्न असतं, त्याच्या जिवावर ती पान काढते; खाली मुळाचा पत्ता नसतो. शिदोरी संपली की पान मान टाकतं. मुलाखतीला आलेली पोरं, नवे मंत्री, नुकतीच उघडलेली हॉटेलं, सगळ्यांबद्दल नाना हेच म्हणतात. आमच्या गल्लीत एक कॉफीचं दुकान झकपक रोषणाईनं सुरू झालं तेव्हा त्यांनी बाहेरूनच बघून सांगितलं, "पान आहे." दिवाळीपर्यंत ते बंद पडलं.

मुळं बघायची म्हणून तर पारदर्शक ग्लास. पण मुळांना उजेड सोसत नाही, म्हणून ग्लासाभोवती काळा कागद. आणि कागद असला की मुळं दिसत नाहीत, म्हणून तो दिवसातून अनेकदा सरकवायचा. रात्री अकराला नानांच्या खिडकीत टॉर्च हलताना दिसला तर समजावं, पाहणी चालली आहे. आधी सालीवर पांढरे बारीक फोड येतात. मग एका सकाळी ग्लासाच्या भिंतीला टेकलेलं एक मूळ दिसतं, दुधात शिजायला घातलेली शेवई असावी तसं पांढरं, नाजूक आणि जरासं वाकडं. त्या दिवशी नाना फोन करतात. सकाळचे सहा वाजलेले असले तरी करतात. "मूळ धरलंय!" एवढंच. कुठल्या काडीनं, ते आपण ओळखायचं. मी आता "वा! त्रेचाळीस नंबर का?" असं काहीतरी ठोकून देतो, आणि नाना खूश होतात. "नाही रे, एकोणचाळीस. पण त्रेचाळीसचंही बघायला पाहिजे." म्हणजे पुन्हा टॉर्च.

नंबरावरून वही आली. बँकेतला माणूस रोजकीर्दीवाचून जगत नाही. लांब, जाड पुठ्ठ्याची वही, रकाने आखलेले. काडी क्रमांक, कुठून आणली, डोळे, लावल्याची तारीख, शेरा. शेऱ्यांत काटकसर फार. 'पान.' 'पान गेलं.' 'मूळ.' 'गेली.' मधूनच एखादा लांब शेरा लागतो : 'गेली (जास्त पाणी, सौ.)'. माईंनी एकदा ती वही चाळली आणि त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं : 'गेली (रोज उपटून बघितली, श्री.)'. नानांनी ते खोडलेलं नाही. हिशेबाच्या वहीत खाडाखोड चालत नाही.

रोप तयार झालं की नाना ते ठेवत नाहीत. देऊन टाकतात. मात्र देताना त्यांच्यातला कर्जविभाग जागा होतो. तुम्ही सहज "मला एक द्या ना" म्हणालात की ते चष्मा लावतात. गॅलरी कुठल्या दिशेला? ऊन किती तास? पाच-सहा तासांपेक्षा कमी असेल तर अर्ज तिथंच नामंजूर. गावी किती दिवस जाता? तेव्हा पाणी कोण घालणार? जामीन म्हणून शेजाऱ्याचं नाव. कुंडी निदान बादलीएवढी, तळाला भोक असलेली, आणि ती आधी आणून दाखवायची. मग रोप मंजूर होतं. त्यानंतर तपासणी. नाना कुठल्याही वेळी, कुठल्याही निमित्तानं येतात, तुमच्या आईच्या तब्येतीची चौकशी करता करता गॅलरीकडे सरकतात, पानाची मागची बाजू उलटून तांबेरा आहे का बघतात आणि मातीत बोट घालतात. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे ते दाखवायला गेले होते. डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब घेतला आणि नानांनी डॉक्टरांच्या खिडकीतल्या अंजिराचा. डॉक्टरांचं खातं थकीत निघालं. "रोज थोडं थोडं पाणी घालताय. बंद करा. माती सुकली की एकदम भरपूर द्या," असं सांगून नाना औषधाची चिठ्ठी न घेताच निघून आले.

नातवाच्या मुंजीत त्यांनी भेट म्हणून रोपं वाटली. मुंबईची पाहुणेमंडळी शिवनेरीत मांडीवर कुंड्या घेऊन बसली होती. त्यांतल्या किती जगल्या याचा तपास अजून चालू आहे, आणि बोरिवलीच्या एका मावसभावानं त्या भीतीनं नानांचा फोन घेणं सोडलं आहे.

ज्ञानही रोपाबरोबर फुकट मिळतं. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर ही सगळी भावंडं, अंजिराची फुलं फळाच्या आत असतात, आपण खातो ती खरी फुलांची पिशवीच, इथून सुरुवात. आमच्या 'सी' इमारतीतल्या एका तरुणानं एकदा त्यांना ऐकवलं की अंजीर शाकाहारी नाही, कारण परागीकरणाची माशी आत मरते. नानांनी त्याला बसवून घेतलं. तुर्कस्तानकडच्या स्मर्ना जातीला ती माशी लागते. कॅलिफोर्नियात हौसेनं त्या जातीची झाडं लावली, तर फळं पिकायच्या आधीच गळून जायची; शेवटी १८९९ मध्ये तिथं ती माशी आणून वसवली तेव्हा कुठं फळ टिकलं. "आणि आपल्या पुना अंजिराला?" नानांनी विजयी मुद्रेनं विचारलं. "माशी लागतच नाही! आपोआप धरतं. बी रुजत नाही त्याचं. म्हणून तर काडी!" तो तरुण उपास सोडून अंजीर खायला लागला की नाही ठाऊक नाही, पण आता तो नाना दिसले की जिन्यानं न जाता लिफ्टनं जातो.

त्याहून मोठं अस्त्र म्हणजे जेरिको. तिथं जवळच्या एका उत्खननात सुमारे अकरा हजार चारशे वर्षांपूर्वीची जळकी अंजिरं सापडली, आणि ती बिनमाशीच्या जातीची असल्यानं माणसानं काड्या लावूनच वाढवली असणार, असं काही संशोधकांनी २००६ मध्ये मांडलं. म्हणजे गव्हाच्या शेतीच्या आधी! नानांनी ते कात्रण प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलं आहे. या निष्कर्षावर इतर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत. ते कात्रण नानांकडे नाही.

मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिच्या परसात काळ्या मिशन जातीचं झाड आहे. नानांचा जीव त्याच्यात अडकलेला, पण परदेशातून काडी आणायची तर २००३ च्या आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, हे त्यांनीच शोधून काढलं आणि मुलीला बजावलं, "सुटकेसमध्ये काही कोंबू नकोस. कायदा म्हणजे कायदा." हाच माणूस प्रभात रस्त्यावरच्या बंगल्यांच्या कुंपणाबाहेर आलेल्या फांद्या खिशातल्या कात्रीनं उतरवतो. विचारलं तर म्हणतो, "मागून घेतलेली काडी जगत नाही." परदेशची काडी इकडे येत नाही, म्हणून नानांनी धंदा तिकडे नेला. व्हिडिओ कॉलवर बसून मुलीला काप घ्यायला शिकवलं. "कॅमेरा खाली घे. अजून खाली. काळा कागद सरकव." जावई ऑफिसच्या मीटिंगमध्ये, मागं सासरे मुळं बघताहेत. आता तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर रोपं वाटतात, आणि मुलीनं वही घातली आहे असं कळतं.

या सगळ्याला अंत का नाही, ते सांगतो. अंजीर छाटावं लागतं. फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटणी हवीच. छाटणी केली की काड्या निघतात. काड्या टाकून द्यायला नानांचा हात धजत नाही. त्या लावल्या की पुन्हा रोपं. सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या कुंड्यांचा विषय निघाला तेव्हा सचिवांनी मुळांमुळे होणारी गळती, चिलटं आणि ओझं यांवर लांबलचक टिपण वाचलं. नाना शांतपणे ऐकत होते. शेवटी उठून म्हणाले, "बरोबर आहे. सगळ्या वाटून टाकू." सभा संपताना प्रत्येक सभासदाच्या हातात एक कुंडी होती. सचिवांच्या हातात दोन.

एक झाड मात्र नानांनी पंपाच्या खोलीमागं जमिनीतच लावून टाकलं. ते आता पत्र्याच्या वर गेलं आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला मिठ्या बहाराची फळं जांभळी व्हायला लागली की पहाटे बुलबुल येतात, मग तांबट, मग खार, आणि सात वाजता शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं. आपल्याला देठ मिळतो. माई दर वर्षी हातगाडीवरून पाव किलो विकत आणतात आणि म्हणतात, "एवढ्या वर्षांत जेवढं कोकोपीट आणलं, तेवढ्या पैशांत सगळ्या पेठेला अंजिरं खाऊ घातली असती." नाना बशीकडे बघत नाहीत. अंजिराचं बी त्यांच्या कवळीत अडकतं, म्हणून अंजीर त्यांनी कित्येक वर्षांत तोंडात घातलेलं नाही.

यंदाची रोपं तयार आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी तळाला भोक असलेली कुंडी आणि जामीनदार शेजारी घेऊन संध्याकाळी पाचनंतर यावं. बेल एकदाच वाजवा, आणि आत येताना कागदावर पाय देऊ नका.